खंडेनवमीचं इंजिन

आंघोळ करून अंगणात आलेल्या सिद्धरामच्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं खपून केलेलं त्याचं वाफेच्या इंजिनाचं हातभर सागवानी मॉडेल स्कूटरशेजारी ओलंचिंब उभं होतं. बॉयलरवर हळदीकुंकू, धुराड्यात झेंडूचं फूल.

"केरा, हे कुणी धुतलं?"

"मीच की. खंडेनवमी हाय. स्कूटर धुतली, त्येबी धुतलं," त्याची बायको केराबाई म्हणाली. "लई धूळ होती. साबणाच्या पाण्यात ठिवलं घटकाभर."

सिद्धरामनं कपाळावर हात मारून घेतला. रेल्वेच्या शेडमध्ये उभा जन्म गेला, तिथं कुणी त्याला एवढं छळलं नव्हतं. उद्या सकाळी हौशी कारागिरांच्या प्रदर्शनात इंजिन रुळावर चालवून दाखवायचं होतं. न चालणारं तिथं घेतच नव्हते. त्यानं ते ढकलून पाहिलं. चाकं फुगून आसावर घट्ट बसली होती. एकही फिरेना.

कानशीनं चाकांची भोकं जरा मोठी केली तर जमलं असतं. तो तरातरा आत गेला. कानस, पटाशी, रंधा, करवत, सगळं देवापुढं पाटावर मांडलेलं. प्रत्येकाला कुंकू. विळीसुद्धा सोडली नव्हती.

"हात लावायचा न्हाय," केराबाई मागून म्हणाली. "पुजलेलं हत्यार आज उचलत न्हाईत."

"मग उद्या उचलून काय त्याचं लोणचं घालू? दोन वर्षं खेळणं खेळणं म्हणून नाक मुरडलंस. आजच कशी पूजा आठवली?"

"शेजारच्या सावित्रम्माला सांगून बसले, आमचं इंजिन उद्या परदर्शनाला जातंय म्हणून. मग बिनपुजेचं कसं धाडायचं?"

आमचं म्हणे! आता हिच्यावर धड ओरडताही येईना. सिद्धराम चरफडत पायरीवर जाऊन बसला. खंडेनवमीला त्याच्या बापानं मेंढरांची कातरसुद्धा कधी उचलली नव्हती, आणि ते मोडायची त्याचीही छाती होत नव्हती. प्रदर्शन गेलं, असं त्यानं मनाशी धरलं.

बऱ्याच वेळानं केराबाई बाहेर आली. नवरात्रात नऊ दिवस पायात चप्पल न घालणारी, देवाच्या बाबतीत तसूभरही न हलणारी बाई. तिच्या हातात कुंकू लागलेली कानस होती. ती त्याच्या मांडीवर ठेवत म्हणाली,

"उचलली मी हाय. देव इचारंल तवा मी बघून घीन. तुमी चाकं सोडवा."