शेजारी शून्य किलो

दातांच्या डॉक्टरांचा हात हलका आहे, असं पेशंट म्हणत, आणि डॉक्टरांना ते मनापासून पटत असे. सुटीच्या दिवशी हाच हलका हात सहा वर्षं गॅरेजमध्ये चालवून त्यांनी घरच्या घरी एक गाडी बांधली. वजन साडेपाचशे किलो, इंजिनाची ताकद एकशे ऐंशी घोड्यांची. छप्पर नाही, दारं नाहीत, डिकी नाही. शेजारी मात्र एक सीट, खास बायकोसाठी. हे ते येईल त्याला सांगत, आणि सांगताना स्वतःवर जरा खूशच होत.

बायको त्या सीटवर बसली, ती अर्धा किलोमीटर. डॉक्टरांनी निवडलेल्या स्प्रिंगा होत्या भलत्याच कडक. कडक स्प्रिंग म्हणजे पक्की पकड, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि एकदा वाचलेलं पुन्हा तपासायचं नाही ही त्यांची जुनी खोड. एवढ्याशा वजनाखाली त्या स्प्रिंगा दबेचनात. जरा खड्डा आला की चाकं हवेत, चाकं हवेत असताना इंजिनाचा जोर, आणि मग गाडीचं तोंड भलतीकडेच. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर बायकोच्या दाढेतलं सिमेंट निघालं. ते सिमेंट डॉक्टरांनीच भरलेलं होतं.

तिनं तुकडा रुमालात बांधला आणि शांतपणे खाली उतरली.

“दाढ तुम्ही भरलेली, गाडी तुम्ही बांधलेली. दोन्हींतलं एक तरी टिकायला हवं होतं,” म्हणाली, आणि चालत घरी गेली.

घरी आल्यावर तिनं अट घातली. “अजून एकदा बसेन. पुन्हा हाडं खिळखिळी झाली, तर गाडी जाईल आणि गॅरेजमध्ये माझं शिलाई मशीन येईल. सहा वर्षं जिन्याखाली वाकून शिवतेय मी.”

डॉक्टर हादरले. गाडी जाणार या विचारानं हादरले, मशीन जिन्याखाली आपणच सरकवलं होतं हे आठवून नव्हे. त्याची लाज त्यांना जरा उशिरानं वाटली.

नाक मुठीत धरून ते मेहुण्याकडे गेले. मेहुणा गाड्यांचा मेकॅनिक. कडक स्प्रिंगा घालू नका, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. पण तो पुस्तकं वाचत नाही म्हणून डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

“दाजी, या स्प्रिंगा टेम्पोला चालतील,” मेहुणा म्हणाला. “गाडी हलकी, तर स्प्रिंग नरम पाहिजे. चाकानं रस्ता सोडायचा नाही. आणि बाकीच्या गाड्यांचं सोडा, पण हिच्यात पाच-दहा किलो इकडंतिकडं झाले तरी हिला कळतं.”

शेवटचं वाक्य डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. लिहिलं की समजलं, असा त्यांचा समज होता.

तीन आठवडे ते गॅरेजबाहेर आले ते फक्त दवाखान्यापुरते. नरम स्प्रिंगा बसवल्या, शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यांच्याशी जुळवले. मग चारही चाकांखाली चार सपाट वजनकाटे ठेवले, आपल्या जागी वहीतल्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या बसवल्या, आणि स्प्रिंगांखालच्या कड्या केसभर फिरवत प्रत्येक चाकावरचा भार जुळवला. एकटे चक्कर मारून आले. गाडी उजव्या अंगाला जरा झुकल्यासारखी वाटली, पण आकडे बरोबर होते, तेव्हा चूक रस्त्याचीच असणार.

रविवारी सकाळी फेरीची वेळ झाली. बायको तयार होऊन आली आणि चष्मा लावून वही वाचू लागली.

“चालक, अडुसष्ट किलो. हा कोण?”

“मी.”

“कधी?”

डॉक्टरांनी शर्ट खाली ओढला. अडुसष्ट हा आकडा गाडीच्या पहिल्या कागदावरचा, सहा वर्षांपूर्वीचा. तोच ते पानामागून पान उतरवत आले होते. आजचे ते ब्याऐंशी किलोंचे होते, आणि रस्ता निर्दोष होता.

ती पुढची ओळ वाचत होती. “शेजारी, शून्य किलो.” तिनं वही मिटली. “ही मी ना?”

 पेशंटना रोज तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाला स्वतःचं तोंड उघडणं जड गेलं. बायकोसाठीची सीट त्यांनी गावभर मिरवली होती, आणि हिशोबात तिला धरायलाच विसरले होते.

“चुकलो,” ते शेवटी म्हणाले. “तू अशीच बसली असतीस, तर डावी बाजू गतिरोधकावर आदळली असती. दुसरी दाढही गेली असती.”

“मग आता?”

“आता तुला बसावं लागेल. काट्यावर.”

ती बसली. मेहुण्याला बोलावलं, कड्या तोच फिरवणार होता, कारण डॉक्टरांनाही आपल्या जागी बसून राहायचं होतं. दीड तास दोघं शेजारी शेजारी, न हलता. इतका वेळ असं बसल्याला किती वर्षं झाली, हे डॉक्टरांनी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मध्येच मेहुण्यानं आकडा वाचायला तोंड उघडलं. “ताईचं वजन...” ताईनं त्याच्याकडे पाहिलं. “...आलं लक्षात,” तो म्हणाला आणि कडी फिरवू लागला.

मग फेरी. पहिल्या खड्ड्यात चाक दबलं आणि वर आलं, गाडी सरळच राहिली. कोपऱ्यावरचा गतिरोधक आला. डॉक्टरांनी दात घट्ट आवळले. गाडी वर गेली, खाली आली, आणि काहीच झालं नाही. बायकोनं जिभेनं पुन्हा भरलेली दाढ चाचपली.

“आहे,” ती म्हणाली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, “घराकडे वळू नका इतक्यात.”

मशीन त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये आलंच. गाडी एका भिंतीशी सरकवायची कल्पना डॉक्टरांची. ती सहा वर्षांत का सुचली नाही, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

डॉक्टर एकटे दवाखान्यात जातात तेव्हा गाडी आता आणखीच उजवीकडे झुकते. मेहुण्यानं दोनदा विचारलं, “दाजी, एकट्यासाठी पुन्हा जुळवून देऊ?”

“नको,” डॉक्टर म्हणतात. “ती नसली की मला कळू दे.”