मिनिटाला एकशे बारा

"याला कॉम्प्युटर लागतो का?" आईंनी विचारलं.

"नाही लागत, आजी. म्हणून तर ग्रूव्हबॉक्स," विक्रेता म्हणाला. "ढोल, झांजा, खर्जाचे सूर, सगळं आतच. ताल आपण बांधायचा, त्यातच साठवायचा, त्यातूनच ऐकायचा. नातवासाठी बघताय?"

"नवऱ्यासाठी."

तो माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही. दहा महिन्यांची चिमणी माझ्या कडेवर होती आणि माझा डोळा काउंटरच्या काचेच्या कोपऱ्यावर होता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. एकतीस वर्षं त्यांनी शर्टांच्या कारखान्यात काजं केली. दुसरं काही नाही, फक्त काजं. मशीन बिघडायच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं, आणि मेकॅनिक हसत हसत आला तरी शेवटी त्यांचंच खरं ठरायचं. बाकी कशासाठी त्यांचं कधी नाव झालं नाही. वाद्य म्हणाल, तर त्यांनी शाळेतल्या घंटेलाही हात लावला नव्हता.

काउंटरवर तीन डबे मांडले होते. पहिल्याला मोठा स्क्रीन. आईंनी त्यावर बोट टेकवलं. दुसरंच काहीतरी उघडलं. "हा बाजूला ठेवा. माझं बोट जाडं आहे आणि याचं मन चंचल." दुसरा तळहाताएवढा होता, पण एकेका बटणात चार-चार कामं कोंबलेली. "हा लक्षात ठेवायला अजून एक सून लागेल." तिसरा साधा, जड. खाली एका ओळीत सोळा बटणं, वर डझनभर गोल खुंट्या. एक खुंटी, एक काम. आईंनी डोळे मिटले आणि बोटांनी खुंट्या मोजत गेल्या, जशा मशीनवर अंधारात दोरा ओवायच्या.

"लाइट गेली तर?"

"बॅटरीवर चालतो. स्पीकर आतच आहे. माइकसुद्धा, कुठलाही आवाज घेऊन तालात बसवता येतो."

"आणि बंद केला की कालचं राहतं?"

"सेव्ह केलं तर राहतं. सोळा खाने आहेत. एकात जुनं, दुसऱ्यात नवं."

मग माझी पाळी आली. मी एकेक खुंटी धरून जोरात ओढली. विक्रेत्याचा चेहरा पडला. "ताई, पंचवीस हजार वेळा फिरली तरी..."

"फिरण्याचं नाही हो, हिच्या घशात जाण्याचं बोलतेय मी."

एकही निघाली नाही. आई म्हणाल्या, "चला, सुनेच्या परीक्षेत पास झाला. बांधा."

बाबा, म्हणजे सासरे, पाण्याचे मीटर वाचायचे. उभा जन्म पायी. रस्त्याकडेची लोखंडी झाकणं हुकाने उचलायची, वाकून आकडा टिपायचा, झाकण टाकायचं, पुढे. आता कंपवाताने त्यांचे पाय अडतात. खोलीत चालतात, पण दाराच्या उंबऱ्याशी आले की पावलं जमिनीला चिकटतात. वरचं अंग पुढे जातं, पाय मागे. एकदा असेच पडले, चिमणी रांगत होती तिथून हातभर अंतरावर. त्या दिवसापासून त्यांचं ताट त्यांच्या खोलीत जातं. दोन महिने झाले, ते आमच्याबरोबर टेबलाशी जेवलेले नाहीत. खरं सांगते, ताट मीच तिकडे नेलं पहिल्यांदा. कुणी सांगितलं नव्हतं.

व्हीलचेअर आणून दाराआड घडी करून ठेवली होती. बाबा तिच्याकडे बघायचे नाहीत.

फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या होत्या, ताल ऐकवला की पुष्कळांचं पाऊल सुटतं, करून बघा. आईंनी टाळ्या वाजवून पाहिल्या. "मला कवायत शिकवू नकोस," बाबा म्हणाले. गाणी लावली, पण गायक आलाप घ्यायला थांबला की बाबाही थांबायचे. मोबाइलवर टिकटिक लावली तर मधेच कुणाचा तरी फोन आला. "आणि टिकटिकीबरोबर कोण चालतं? मी काय घड्याळ आहे?" तेव्हा माझ्या नवऱ्याने या डब्याबद्दल सांगितलं, अर्ध्या थट्टेने. आईंनी ते पुरं मनावर घेतलं.

आई रोज दुपारी डबा शिकायच्या, चिमणी झोपली की. सोळा बटणांवरून दिवा पळायचा. ज्या बटणावर आवाज ठेवायचा ते दाबायचं. "हे सोपं आहे गं," मला म्हणाल्या. "सोळा टाके. कुठे सुई उतरवायची तेवढं आपण ठरवायचं." डाव्या पावलाला त्यांनी जाड धप्प आवाज दिला, कारण डावाच जास्त अडतो. उजव्याला हलका. मग कपाटाच्या तळातून बाबांचा मीटरचा हूक काढला, फरशीवर आपटला आणि माइकमध्ये तो आवाज पकडला. खण्ण. दर आठ पावलांनी एकदा.

शनिवारची सुट्टी होती, मी दारात उभी राहून बघत होते. कारखान्यात या बाईंना कुणी कधी विचारलं असेल का, की तुम्हाला आणखी काय येतं?

रविवारी सकाळी सगळे जमलो. चिमणीला मी तिच्या जाळीच्या कुंपणात बसवलं आणि कुंपण भिंतीपर्यंत सरकवलं. नवरा बाबांच्या मागे. आईंनी बटण दाबलं.

ताल फार सुरेख होता. माझीही टाच हलली. खण्ण वाजलं आणि बाबांनी मान वर केली. "माझा हूक?"

"ओळखलात ना? चला आता."

एक पाऊल, दुसरं, तिसरं. मग ताल पुढे निघून गेला आणि बाबांचे पाय त्याच्या मागे धावू लागले, लहान, घाईची पावलं. तोल गेला. नवऱ्याने काखेत धरलं म्हणून बरं. मी चिमणीला उचलून छातीशी धरलेलं होतं. कधी उचललं ते मला आठवत नाही.

"आई, बंद करा ते!" मी ओरडलेच.

बाबा पलंगावर बसले. दम खाल्ला. रागावले नव्हते.

"अगं, हे कुणाला चालवतेयस तू?"

"तुम्हालाच."

"हा मी नाही. तू ज्याच्या मागे धावायचीस ना, तो हा."

आई डब्याकडे बघत राहिल्या. छोट्या पडद्यावर आकडा होता, एकशे बारा. मिनिटाला एकशे बारा पावलं. तो त्यांनी कुठून काढला ते मला नंतर कळलं. लग्नानंतर दोघं कुठेही निघाले की बाबा पुढे आणि आई चपला सावरत मागे, "अहो, जरा हळू!" म्हणत. तो वेग त्यांच्या अंगात बसला होता. खुंटी फिरवताना हात आपोआप तिथेच थांबला.

"जुन्या शर्टाचं माप घेतलं मी," त्या एवढंच म्हणाल्या. "माणूस समोर असताना."

मग त्यांनी माप घेतलं. चार दिवस बाबांना पलंगाला धरून जागच्या जागी पावलं टाकायला लावली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं, कागदावर लिहिलं. सकाळी गोळीनंतर अठ्ठ्याहत्तर. गोळी उतरली की सत्तरच्या खाली. खुंटी बहात्तरवर आणली तेव्हा तोच ताल ओढल्यासारखा, रडका वाजू लागला. आईंनी तोंड वाकडं केलं. "हे काय, कुणी गेलंय का घरात?"

"हळू झालं की असंच वाजणार ना, आई," मी म्हणाले.

"का म्हणून? हळू चालणाऱ्याने काय तोंड पाडून चालायचं?"

दोन धप्पांच्या मधल्या रिकाम्या बटणांवर त्यांनी बारीक बारीक आवाज भरले, झांजेचे, चुटकीचे. एक दाबायच्या, ऐकायच्या, पुसायच्या, पुन्हा दाबायच्या. तिसऱ्या दिवशी ताल बहात्तरचाच राहिला, पण त्यात मिश्कीलपणा आला. आपल्याला कुठलीच घाई नसल्याचा त्याला अभिमान आहे, असं वाटायचं. मी कॉलेजात संगीताच्या चार मैफली ऐकल्या म्हणून स्वतःला जाणकार समजायचे. हे मला सुचलं नसतं.

"पहिला तो पुसून टाक हं आई," नवरा म्हणाला. "चुकून लागला तर पडतील."

"हं," आई म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी बाबा ताल लागल्यावर लगेच निघाले नाहीत. डोकं हलवत थोडा वेळ ऐकलं. मग धप्पला डावा पाय. उंबऱ्यापाशी आले. मी चिमणीच्या कुंपणाची कडी दोनदा तपासली. डावा पाय अडला. आई डब्याला धरून टेबलाशी बसून होत्या, त्यांनी वरही बघितलं नाही.

खण्ण.

पाय उचलला गेला, उंबऱ्यापलीकडे टेकला. मग दुसरा. दारापासून टेबलापर्यंत अकरा पावलं होती. खुर्ची ओढून बाबा बसले आणि म्हणाले, "वाढताय का नुसते बघताय?"

मी त्यांचं ताट आणलं. टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

रोज जमतं असं नाही. काही दिवशी पाय ऐकत नाहीत, तेव्हा ताट पुन्हा खोलीत जातं. ते आता आई नेतात, आणि आपलंही नेतात. व्हीलचेअर दाराआडच आहे. तिच्यावर इस्त्रीचे कपडे साठतात.

परवा ऑफिसातून दुपारीच सुटले. किल्लीने हळूच दार उघडलं, चिमणी झोपली असेल म्हणून. ती जागी होती, आईंच्या गुडघ्याला धरून उभी. बाबा आतल्या खोलीत घोरत होते. आई टेबलाशी पाठमोऱ्या, कानाला हेडफोन, पुढ्यात डबा. दिवा बटणांवरून भरभर पळत होता. मी दोन पावलं पुढे जाऊन पडद्याकडे बघितलं. सोळावा खाना. एकशे बारा.

मी पर्सही खाली ठेवली नाही. टेबलाखाली आईंच्या चपला फरशीवर लगबगीने पडत होत्या, छोट्या छोट्या पावलांनी, पुढे निघून गेलेल्या कुणाच्या तरी मागे धावल्यासारख्या.