काडी मोडण्याआधीचे पान

मी एक जुना शब्दकोश आहे. पुण्याच्या छापखान्यात माझी बांधणी झाली आणि मिरजगावजवळच्या या शाळेत मी आलो. सुरुवातीला मला कापडात गुंडाळून ठेवत. तपासणीस साहेब आले की टेबलावर मांडत. पुढे माझी शिवण सुटली. दुष्काळात शाळेत सुकडी, म्हणजे पीठ-गूळ-तेलाचा कोरडा खाऊ, वाटू लागले, तेव्हा मुलांनी ती घ्यायला माझी सुटी पाने नेली.

मित्रांनो, मार्च १९७३ मधली ती सकाळ मी विसरलेलो नाही.

शाळेच्या ओट्यावर पंच बसले होते. आप्पासाहेबांच्या हातात कडब्याची काडी होती. पंचांसमोर ती मोडली की त्यांच्या मुलीचे, चांगुणाचे, लग्न मोडणार होते. जावई गोरक्ष याने तिला दुष्काळी कामावर खडी फोडायला नेले, या रागाने त्यांनी तिला माहेरी आणले होते. गोरक्ष तीनदा न्यायला आला आणि तीनदा दारातूनच परत गेला. आता त्याच्याकडून नगरच्या वकिलाची नोटीस आली होती. आप्पासाहेबांना वाचता येत नव्हते. वकिलाचा कागद म्हणजे काडीमोडच, असे त्यांनी धरले.

विष्णुपंत मास्तरांनी नोटीस वाचून सांगितले, की जावई ‘पुनर्मीलन’ मागतो आहे.

“सोयरीक तुमीच जुळवली, मास्तर. तुमी त्याचंच बोलनार,” आप्पासाहेब म्हणाले. “बुकात दावा.”

मला उघडले. एक पान ‘पुतळी’वर संपत होते, पुढचे ‘पुरण’पासून सुरू होत होते. मधले पान नव्हते.

“बुकातबी न्हाई,” आप्पासाहेब म्हणाले. काडी वाकली. मला शब्द पाठ होता, पण तोंड नव्हते.

तेवढ्यात चांगुणा पुढे आली. माहेरी आल्यापासून शाळेत सुकडी तीच वाटायची आणि फावल्या वेळी मला वाचायची. तिने माझा मागचा पुठ्ठा उचलला. अंगणातून वेचलेले ते पान तिने तिथेच जपून ठेवले होते. तेलाच्या डागावर बोट ठेवून तिने वाचले, “पुनर्मीलन. ताटातूट झालेल्यांनी पुन्हा एकत्र येणे. उदाहरणार्थ, पुरात चुकलेल्या भावंडांचे पुनर्मीलन झाले.”

“मंग त्याला वकील कशाला लागतो?” आप्पासाहेबांनी विचारले.

“तुमी दारात उभं केलं न्हाई, म्हनून,” चांगुणा म्हणाली. “खडी मी माझ्या मनानं फोडली, आबा. मला जायचंय.”

आप्पासाहेबांनी वाकलेली काडी सरळ केली. मग त्यांनी ती न मोडता माझ्यात त्याच पानावर ठेवली.

पान मास्तरांनी खळ लावून चिकटवले. काडी अजून तिथेच आहे. मित्रांनो, पुस्तकातून सुटलेले पान दिसले तर उचलून आत ठेवा. ते कोणाला कधी लागेल, हे पुस्तकालाही ठाऊक नसते.