साडूच्या चाकूचं उट्टं

"सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं म्हणून मिस्त्रींनी चहाचा ग्लास बाकावर टेकवला, आणि बाकावरचे तिघेही समजले की आता दुपारचं काम अर्धा तास तरी पुढं गेलं.

मिस्त्रींनी एकतीस वर्षं दुकानांची लोखंडी शटरं दुरुस्त केली होती. त्यांचा हात फिरलेलं शटर शेंबड्या पोरानं एका बोटानं उचलावं, असं लोक म्हणत. मिस्त्री स्वतः म्हणत की मांजरानं उचलावं. ऐकायला शेजारच्या गाळ्यांतले टायरवाला आणि वेल्डर होते, आणि टोकाला लेथवाला. लेथवाल्याच्या तोंडून दिवसाकाठी चार वाक्यं निघाली, तर आज याला बरं नाही म्हणून टायरवाला चौकशी करायचा.

गोष्ट मिस्त्रींच्या साडूची होती. साडूचं दुर्मिळ वस्तूंचं दुकान. तिथं गंजलेला खिळासुद्धा मखमलीवर झोपलेला असायचा. बावीस वर्षांत या गृहस्थानं मिस्त्रींना नावानं कधी बोलावलं नव्हतं. सासरी चार माणसं जमली की "या खडखडराव" म्हणायचा, आणि सगळं सासर हसायचं. मिस्त्रींची बायकोसुद्धा, पदर तोंडाला लावून. मिस्त्री तेव्हा मिठाची गुळणी धरून बसायचे आणि मनातल्या मनात साडूला शटराखाली आडवा झोपवायचे.

तरी त्याच्याच दुकानात त्यांनी चाकू घेतला. खटक्याचा चाकू, मूठ काळी, कडेला पितळी नक्षी, निळ्या पेटीत. सोबत छापील कागद: शंभरच नग बनवले, त्यातला हा सदतिसावा, खास संग्राहकांसाठी. मिस्त्रींनी जन्मभर पाना, छिन्नी, हातोडा असल्या राबणाऱ्या वस्तूच घेतल्या होत्या. एक तरी वस्तू नुसती बघायला असावी, एवढाच मोह. घरचा माणूस म्हणून साडूनं पेटीला फीतसुद्धा बांधून दिली.

चाकू कसला, सोंग होतं ते. खटका दाबला की पातं आजारी माणूस खुर्चीतून उठावा तसं अर्ध्यावर यायचं आणि परत बसायचं. दुसऱ्यांदा दाबला की खटका आतच अडकायचा. पातं मुठीत असं डुलायचं की जणू हिरडीतला शेवटचा दात. आणि पितळी नक्षीचा रंग तर तीन दिवसांत मिस्त्रींच्या अंगठ्याला लागला.

ते साडूच्या घरी गेले, आणि सगळ्यांदेखत चाकू त्याच्यापुढं धरला. साडूनं तो हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाला, "खडखडराव, नाजूक वस्तूला नाजूक हात लागतो. तुमचा जन्म शटरं ओढण्यात गेला."

पुन्हा सगळे हसले. थट्टा नावावर होती तोवर मिस्त्रींनी सोसली होती; ही हातावर होती. घरी येतानाच त्यांनी बायकोला बेत सांगून टाकला. आता उट्टं काढायचं ते साडूच्या दुकानात, भर गर्दीच्या वारी, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत. चाकू बाहेर काढायचा, खटका दाबायचा आणि पात्याला मान टाकू द्यायची. एक अक्षर बोलायचं नाही. साडूचं नाक साडूच्याच मालानं कापायचं.

इथपर्यंत मिस्त्रींनी सांगितलं त्यात तिखटमीठ होतं, पण खोटं नव्हतं. यापुढचं खरं मात्र बाकावर बसून सांगण्यासारखं नव्हतं.

कारण गर्दीचा वार उजाडायला चार दिवस होते, आणि चाकू मिस्त्रींच्या कामाच्या टेबलावर होता. पहिल्या दिवशी त्यांनी तो फक्त उघडून पाहिला. शत्रूचं घर आतून माहीत असावं म्हणून. आतली स्प्रिंग म्हणजे डब्याच्या पत्र्याची पट्टी. मिस्त्रींना ती बघवेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी शटरच्या जुन्या स्प्रिंगचा तुकडा कापला, घासून घासून कागदासारखा केला, लाल तापवून तेलात बुडवला आणि निळी छटा येईपर्यंत मंद आचेवर शेकला. तिसऱ्या दिवशी खटक्याची खाच कानशीनं साफ केली. बायको दारातून म्हणाली की अहो, तो मोडकाच न्यायचाय ना? मिस्त्री म्हणाले, नुसतं बघतोय. चौथ्या दिवशी पात्याचं डुलणं गेलं.

मोडकी वस्तू तशीच समोर ठेवून चार दिवस काढायचे, हे त्यांच्या हातांना कुणी शिकवलंच नव्हतं. डोक्यात सूड होता. हातांना त्याची खबर नव्हती.

साडूच्या दुकानात आठ-दहा गिऱ्हाइकं होती. मिस्त्रींनी चाकू वर धरला. त्या क्षणीही त्यांच्या डोळ्यांपुढं मान टाकणारं पातंच होतं. खटका दाबला, आणि पातं सपकन उघडून ताठ उभं राहिलं. कुणीतरी पुटपुटलं, "काय कारागिरी आहे."

तोंड उघडायची वेळ तीच होती. हे मी केलंय, एवढे तीन शब्द. पण साडूच्या छपराखाली त्यांच्या हाताचं कौतुक बावीस वर्षांत पहिल्यांदा होत होतं, आणि ते नीट ऐकून घ्यावं म्हणून मिस्त्री क्षणभर थांबले. तेवढ्या क्षणात साडूनं चाकू हातातून घेतला, सगळ्यांना दोनदा उघडून दाखवला आणि म्हणाला, बघा, आमच्या खडखडरावांच्या हातातसुद्धा टिकलाय, असा माल आहे आमचा. मिस्त्रींच्या डोळ्यांदेखत दोघांनी पेट्या बांधून घेतल्या. त्या पेट्यांत पत्र्याच्या स्प्रिंगा होत्या.

मिस्त्रींनी घसा खाकरला.

"तर चाकूला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं," ते बाकावरच्यांना म्हणाले. "तसाच नेला, खुळखुळा. दाबला खटका. पातं जे सुटलं ते मुठीतनं बाहेरच. वर पंख्याला धडकलं, पंख्यानं परत पाठवलं, साडूच्या डोक्यावरनं सरळ भांग पाडत गेलं आणि भिंतीवर त्याचाच फोटो होता, त्याच्या नाकात जाऊन बसलं. गिऱ्हाइकं चपला टाकून पळाली. साडू माझे पाय धरून म्हणाला, चुकलं, आता नावानं हाक मारीन."

वेल्डरनं मांडीवर थाप मारली. टायरवाल्याला हसताना ठसका लागला, आणि साडूला परत भांग पाडायची गरजच उरली नाही म्हणून त्यानं आपली भर घातली. मिस्त्रीही हसले, सांगता सांगता त्यांना ते जवळजवळ घडल्यासारखंच वाटायला लागलं होतं.

लेथवाल्यानं आपला ग्लास खाली ठेवला.

"पातं कसं सुटेल, मिस्त्री?" तो म्हणाला. "त्याची पिन माझ्याकडनं करून नेलीत. केसाचा फरक पडतोय म्हणून तीनदा परत पाठवलीत."