मुदत संपलेला सिलिंडर

थोरल्या लेकीचं मॉरवेलला लग्न झालं, त्याच वर्षी डुगल निवृत्त झाला. वीजकेंद्राच्या धुराड्यातला धूर तपासण्यात त्याची हयात गेली होती. शेवटच्या चढाईला धुराड्याच्या वरच्या कठड्यावर खडूने आपलं नाव लिहायचं, ही तिथल्या तपासनिसांची रीत. नोकरीच्या शेवटच्या शुक्रवारी त्याने खडू खिशात टाकला आणि धूर मोजायचं यंत्र बरोबर दाखवतंय का, हे ज्या वायूवर आधी ताडून बघायचं, त्याचा सिलिंडर पाहिला. मुदत आदल्याच दिवशी संपली होती.

"एका रात्रीत वायू काय दुधासारखा नासतो?" केंद्राचा मॅनेजर कीरन हसला. "चढ की, म्हाताऱ्या! नवा सिलिंडर सोमवारी येणार. तोवर तू घरी बसलेला असशील."

"नासला नसेलही," डुगल म्हणाला. "पण त्याची हमी कालपर्यंतच होती. आज मी तपासणीच्या अहवालावर कशाच्या जोरावर सही करू?"

त्याने सिलिंडरला 'वापरू नये'ची लाल चिठ्ठी बांधली.

"सोमवारी तुझं नाव मी लिहीन," त्याची कामावरची जोडीदार विल्मा म्हणाली.

"नको गं बाई. चढेल त्यानेच लिहायचं."

सोमवारी विल्माने तपासणी केली आणि कठड्यावर काहीही न लिहिता खाली उतरली.

डुगल दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, राहत्या घरी वारला.