पुढच्या मालकाची उंची

ओटा छत्तीस इंचांचाच असला पाहिजे, हे तुम्ही ठरवलंत. तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुमची कचेरी कुठे आहे, तुम्ही बाई आहात की बाप्या, तुम्ही जन्मात कधी पीठ मळलंत का, काही ठाऊक नाही. पण तुमचा आकडा मला ठाऊक आहे. त्या आकड्यानं एका म्हाताऱ्या बाईचं स्वयंपाकघर तिच्या हातून काढून घेतलं, ती जिवंत असताना. हा आरोप तुमच्यावर आहे. नीट ऐका.

मित्रांनो, तुम्हीही ऐका. मी एक जुना लाकडी ओटा आहे. जातीनं बर्च, म्हणजे तुमच्याकडच्या भूर्जाचा चुलतभाऊ. मला तीन खण आहेत, एक दार आहे आणि वर दोन बोटं जाडीची फळी आहे. सध्या मी गॅरेजात उभा असतो. माझ्या डोक्यावर रंगाचे डबे, बर्फ उपसायच्या यंत्राचं तेल आणि एक मेलेली बॅटरी असते. बॅटरीशी माझं भांडण नाही. तीही माझ्यासारखीच टाकलेली.

मला उर्हो हिल्टुनेननं बनवलं. अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठच्या, फिनलंडहून आलेल्या लोकांच्या आमच्या गावातली तांब्याची खाण बंद पडली, त्या हिवाळ्यात उर्हो घरी बसला. घरामागचे दोन बर्च त्यानं आधीच चिरून सौनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या न्हाणीघराच्या, माळ्यावर वाळत टाकले होते. त्याची बायको लेम्पी चार फूट नऊ इंच. खाणीनं बांधून दिलेल्या घरात ओटा छत्तीस इंचांचाच होता आणि लेम्पी लाकडी खोक्यावर उभी राहून पीठ मळायची. एकदा खोकं सरकलं, तेव्हा तिचं मनगट मोडलं. उर्होनं ते खोकं सौनाच्या चुलीत घातलं आणि म्हणाला, "तुला उंच करण्यापेक्षा ओटाच खाली आणू."

"मग मोजपट्टी आण," लेम्पी म्हणाली.

"पट्टीला काय कळतंय? तू मळ."

त्यानं फळ्यांवर फळ्या रचल्या, वर एक पाट ठेवला आणि खरोखरचं पीठ घेऊन तिला मळायला लावलं. मळता मळता तो विचारायचा, "आता?"

"खांदे वर येतायत."

एक फळी काढली. "आता?"

"आता कंबर वाकतेय. आणि तू मधे मधे तोंड घालू नकोस."

एक पातळ फळी सरकवली. "आता?"

लेम्पीनं उत्तर दिलं नाही. ती मळत राहिली होती. उर्हो शेजारी आहे, हेही ती विसरली होती. उर्होनं हळूच पेन्सिलीनं भिंतीवर खूण केली. मित्रांनो, ती माझी उंची. मला कुणी आकड्यानं मोजलं नाही. एका बाईला नवऱ्याचा विसर पडला, तिथे माझं माप ठरलं.

त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं दर शनिवारी माझ्यावर निसू मळला गेला. निसू म्हणजे वेलदोडा घातलेला गोड पाव, तीन पेडांच्या वेणीसारखा. लग्नाला निसू, मयताला निसू, चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर निसू. शेजारची सिल्वी सगळ्यांसमोर सांगायची, "लेम्पीचा निसू खाल्ला की माझा नवरासुद्धा दोन शब्द बोलतो. एरवी नाताळाला एक बोलतो." लेम्पी म्हणायची, "हात माझे नाहीत गं, ओटा चांगला आहे." हे माझं कौतुक. एवढंच झालं, पण खरं होतं.

हालही झाले. ते लपवणार नाही. एका साली कुठल्याशा मासिकात बघून लेम्पीनंच मला शेवाळी हिरवा रंग फासला. वीस वर्षांनी पांढरा फासला. माझ्या अंगावरच्या रेषा, गाठी, तो मधासारखा फिकट रंग, सगळं दोन थरांखाली गाडलं गेलं. त्याबद्दल मी लेम्पीला माफ केलेलं नाही. पण तिनं माझी उंची कधी बदलली नाही.

उर्हो गेला. लेम्पी ऐंशीची झाली. मुलगा आर्वो मिनियापोलिसची नोकरी संपवून गावी परत आला. आर्वो वाईट माणूस नाही. आईवर त्याचा जीव आहे. तिला नवं स्वयंपाकघर भेट द्यायचं त्याच्या मनात आलं आणि तो शेल्बीला घेऊन आला. शेल्बी स्वयंपाकघरं आखून देते. तिनं माझ्यावरच तिचे नमुने मांडले. हाताएवढे गुळगुळीत तुकडे, फिकट लाकडाचे.

"हा बघा बर्च. हल्ली सगळ्यांना फिकट लाकूडच हवंय. घर कसं उजळून निघतं!"

सिल्वी कॉफी पीत बसली होती. म्हणाली, "आमच्या लहानपणी सगळं फिकटच होतं. तेव्हा त्याला गरिबी म्हणायचे."

लेम्पीनं नमुन्यांकडे पाहिलंही नाही. तिनं माझ्या फळीवर तळहात ठेवला. "कपाटं तुम्हाला हवी ती लावा. ओटा मात्र इथपर्यंत."

"नाही डियर, असं नाही करता येत," शेल्बी हसून म्हणाली. "छत्तीस इंच ठरलेलं असतं."

"कुणी ठरवलंय?"

"ठरलेलंच असतं."

"माझ्या नातीच्या वयाची आहे आणि लेम्पीला डियर म्हणतेय," सिल्वी कपात पुटपुटली.

"एक तुकडा तरी खाली घ्या. मळण्यापुरता," लेम्पी म्हणाली.

शेल्बीनं आर्वोकडे पाहिलं. आर्वो खाली बघून म्हणाला, "आई, पुढचा विचार करावा लागतो गं. असा ठेंगणा ओटा बघून कोण घेईल हे घर? पुढच्या मालकाला चाललं पाहिजे ना."

"घर विकतोयस?"

"नाही. पण पुढेमागे."

"मी कुठे चाललेय?"

शेल्बीनं नमुने गोळा केले. सिल्वीनं कप खाली ठेवला, तो जोरात वाजला. लेम्पी कुठे चाललीय, ते सगळ्यांना कळत होतं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यासमोर एका जिवंत बाईचं स्वयंपाकघर तिच्या माघारी येणाऱ्या माणसासाठी आखलं गेलं. तो माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. त्यानं एक पाव भाजलेला नाही. तरी त्याचं मत धरलं, आणि मागे लागून मागणाऱ्या लेम्पीचं नाही.

मला उखडायला आलेला माणूस आडदांड पण जाणता होता. त्याची पहार माझ्या दारावर घसरली आणि रंगाचे दोन्ही थर निघाले. तो थांबला. त्यानं अंगठ्यानं पुसलं. मग नव्या कपाटाचा एक कापलेला तुकडा माझ्याशेजारी धरला आणि आर्वोला हाक मारली.

"इकडे या. हा बर्च आहे. खरा. तुम्ही आणलाय तो दाबलेला भुसा आहे, वर बर्चचा फोटो चिकटवलाय."

आर्वोनं दोन्ही लाकडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सामान येऊन पडलंय सगळं. आता काय करणार?"

काय करणार! हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलंय. ज्याला काहीतरी करता येण्यासारखं असतं, तोच ते म्हणतो. मला सौनात जाळायचा त्याला धीर झाला नाही, म्हणून मी गॅरेजात आलो. गॅरेजाचं दार स्वयंपाकघरात उघडतं. त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं.

लेम्पीला प्लास्टिकचा स्टूल मिळाला. पहिल्या शनिवारी तिनं त्यावर चढून मळलं, आणि संध्याकाळी तिला स्वेटर डोक्यावरून काढता येईना. दुसऱ्या शनिवारी अर्ध्यातच पीठ टाकून दिलं. तिसऱ्या शनिवारी पिठाचा डबा उघडलाच नाही. सिल्वी दारातूनच ओरडली, "निसू कुठाय?" लेम्पी म्हणाली, "दुकानात." सिल्वी कॉफी न पिताच गेली. त्या दोघींच्या साठ वर्षांच्या मैत्रीत असं कधी झालं नव्हतं.

आज सकाळी शेल्बी फोटो काढायला आली. नव्या ओट्यावर तिनं लिंबं मांडली. मग तिला वाटलं, पाव हवा आणि पावामागे एक गोड म्हातारी हवी. दुकानातून निसू आणला. लेम्पीला स्टूलवर उभं केलं. स्टूल फोटोत येणार नव्हता.

"थोडं हसा ना, डियर. हात पावावर ठेवा, जणू आत्ताच भाजलाय."

लेम्पीनं पावावर बोट दाबलं. "हा मंगळवारचा आहे," ती म्हणाली.

ती स्टूलवरून उतरली. एक हात ओट्यावर, एक पाय चाचपडत, हळूहळू. शेल्बी कॅमेऱ्यातच बघत होती. लेम्पीनं परातीत पीठ, दूध, यीस्ट, वेलदोडा घेतला, उर्होचा जुना शिकारीचा कोट अंगात घातला आणि ती गॅरेजात आली. रंगाचे डबे एकेक करून खाली ठेवले. बॅटरीला कोपरानं बाजूला सारलं. माझी फळी पुसली. आणि मळायला लागली.

तिच्या तोंडातून वाफ येत होती. बोटं लाल झाली होती. पण खांदे वर आले नाहीत आणि कंबर वाकली नाही.

आर्वो दारात आला. "आई, आत ये. गारठशील इथे."

"आत पुढच्या मालकाचं आहे. मी इथे बरी आहे."

मग जवळ येऊन त्यानं माझ्या फळीच्या कडेवर हात ठेवला. "केवढा उंच आहे गं हा?"

लेम्पीनं उत्तर दिलं नाही. ती मळत राहिली होती.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू फेकायच्या तर फेका. पण त्या कुणाच्या मापाच्या आहेत, तेवढं आधी विचारा, आणि ज्याच्या मापाच्या आहेत त्यालाच विचारा. माझं तुमच्याशी बोलणं संपलं.

तुमच्याशी संपलेलं नाही, छत्तीस इंचवाले. मी तुम्हाला एकच विचारतो. तो पुढचा मालक किती उंच आहे? तुम्ही त्याला पाहिलंय का? त्याचे खांदे दुखतात का? आणि जिचे दुखतात, ती आज, आत्ता, स्वतःच्या घरात बर्फाच्या दिवसांत गॅरेजात का उभी आहे? तिचं पीठ फुगायच्या आत मला उत्तर पाहिजे. बोला.