रिकाम्या टाकीवर पाळत

“द्वारकाबाई, खरं सांगा. फिनाइलचा हात टाकीत घातला होता का?”

द्वारकाबाईंनी हातातला पोछा बादलीत सोडला, हात पदराला पुसले आणि काचेच्या टाकीकडे पाहिलं. सातही मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. समोर सोफ्यावर आमचे हे चष्मा हातात धरून बसले होते.

“नाय बाई. म्या कशाला घालू?”

“मग काय आपोआप मेले?”

“ते मला काय ठाव. म्या भायेरून काच पुसती, तेवढंच.”

हे बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, यांच्याकडे बघत होत्या. एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि दर मार्चमध्ये परीक्षेच्या वर्गांवर पहारा दिला. चोरी केलेलं पोर बाईंच्या डोळ्यांत बघत नाही, हे मला कुणी सांगायला नको. अकरा वर्षं घरात वावरलेली बाई असली तरी माझ्या मनात निकाल लागला होता.

टाकी मिहिरनं आणली. आमचा एकुलता एक मुलगा, बंगळुरूला असतो. बाबा निवृत्त झाल्यापासून गप्प गप्प असतात म्हणून गेल्या दिवाळीत हा खटाटोप करून गेला. मी तेव्हाच म्हटलं होतं, अरे, आपल्या उस्मानपुऱ्यात नळ आठवड्यानं येतो, त्या दिवशी आपण पिंपं, हंडे, कुकरसुद्धा भरून ठेवतो, त्यात या माशांचे लाड कुठून करू? म्हणून पाणी बदलायचं मी टाळत आले, हे कबूल करते. पण हे त्या माशांत रमले होते. लक्ष्मणराव म्हणजे मुळात अबोल माणूस, कचेरीत कारकुनी केली तीही मान खाली घालून. टाकीसमोर मात्र कुजबुजत बसायचे. आणि आता मेलेले मासे काढायला जाळी उचलून ते नुसते टाकीकडे बघत राहिले, शेवटी जाळी मीच घेतली.

नवे मासे आणायला मी स्वतः गेले. चौकाच्या अलीकडे सोमनाथचं माशांचं दुकान आहे. मनुष्य चाळिशीचा, गोडबोल्या, म्हणून मला आधीच खटकलेला.

“मासे आज नाय देणार काकू,” तो म्हणाला. “टाकी धुवा, भरा, फिल्टर चालू करा आन् तीन हप्ते तशीच ठेवा.”

“तीन आठवडे नुसतं पाणी फिरवू?”

“पाणी मुरावं लागतं. त्यात बारीक जंतू तयार होतात, आपल्याला दिसत नाय. माशांची घाण तेच खातात. लोक घाई करतात, फिर रोते बैठते. आन् नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवा, दवाईचा वास उडू द्या.”

“आधीचे कशानं मेले मग?”

“खाणं जास्त झालं असंल. दिवसाला एक चिमूट बस. उरलेलं तळाला कुजतं.”

गिऱ्हाइकाला मासे न विकणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. यातही काही डाव असेल म्हणून मी घरी येऊन मिहिरला फोन केला, तर तोही तेच म्हणाला. खाण्याचं मात्र माझ्या डोक्यात घोळत राहिलं. हे रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत एकच चिमूट टाकायचे. वरचं खाणं टाकणारं घरात दुसरं होतं कोण? टाकीपायी रोज एक काच जास्त पुसावी लागते, म्हणून कुरकुर कुणाची असेल?

नळ आला त्या दिवशी पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी टाकीत ओतलं. फिल्टर घुरघुरायला लागला. मी माशांच्या खाण्याची डबी फडताळावर जागच्या जागी ठेवली, फक्त तिच्यावर लाल पेनानं एक रेघ मारली. आत जेवढं खाणं तेवढ्यावर रेघ. कुणाला काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं गढूळ झालं. मी डबी उचलून उजेडात धरली. टाकीत एक मासा नाही, आणि खाणं रेघेच्या दोन बोटं खाली.

द्वारकाबाई भांडी विसळत होत्या. मी डबी त्यांच्यासमोर ठेवली.

“हे काय आहे?”

त्यांनी डबीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. त्यांना सगळं लगेच समजलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

“बोला ना.”

“म्या काय बोलू बाई.”

“उद्यापासून येऊ नका.”

मला वाटलं होतं भांडतील, रडतील, अकरा वर्षांचा पाढा वाचतील. त्यांनी राहिलेली भांडी विसळून पालथी घातली. दारात चपला घालताना एवढंच म्हणाल्या, “साहेबांकडं ध्यान ठेवा.”

बघा, जाताना धमकी देऊन गेली, असं मी यांना सांगितलं. हे खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, “चांगली बाई होती.” मला याचाही राग आला. यांना सगळंच जग चांगलं.

दोन दिवसांनी डबी आणखी खाली गेली होती.

द्वारकाबाई नव्हत्या. घरात मी आणि हे. मी डबी हातात धरून उभी राहिले आणि चरकले, पण माझा स्वभाव कुठे जातो? म्हटलं, असं का? मग चोर हेच. चोरून करायची यांना अलीकडे सवयच लागली होती. सकाळी दूध आणलेलं असताना पुन्हा पिशवी घेऊन निघायचे. ही सारी तंबाखूची सोंगं आहेत, असं समजून मी दोनदा त्यांच्या शर्टाचे खिसेही तपासले होते. काही सापडलं नव्हतं, तरी संशय सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता “भाजीला जाते” म्हणून मी बाहेर पडले, जिन्यात पाच मिनिटं थांबले आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले.

हे टाकीसमोर उभे होते. डबी उघडली, चिमूट टाकली, नखानं काचेवर टकटक केलं आणि वाकून वाट पाहिली. मग डबी ठेवून पेपर घेऊन बसले. दहा मिनिटांनी उठले. डबी उघडली, चिमूट टाकली, टकटक केलं. पुन्हा पेपर. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा त्या गढूळ पाण्याला म्हणाले, “आज उशीरच झाला रे तुम्हाला. सकाळपासून कुणी काही दिलं नाही.”

माझ्या हातात भाजीची रिकामी पिशवी होती. दूध, दूध करत दोनदा जाणारा माणूस मला आता नीट दिसला. मला भीती वाटली. वडील गेले तेव्हा, मिहिर तापानं फणफणला होता तेव्हाही एवढी वाटली नव्हती. चोर पकडला की मी तिथल्या तिथे खडसावते. त्या दिवशी मी आल्या वाटेनं तशीच बाहेर पडले.

शेजारच्यांना यांच्याजवळ बसवून मी द्वारकाबाईंच्या खोलीवर गेले. त्या दारात गहू निवडत होत्या. ऊठबस केली नाही, नुसतं पोतं पुढे सरकवलं. मी त्यावर बसले.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“व्हय.”

“कधीपासून?”

“लई दिवस झाले. संक्रांतीच्या आधीपासून बघती मी. दिवसातून धा येळा टाकायचे. तुमी न्हायला गेला, की टाकायचे. शेजारी गेला, की टाकायचे. म्या तळातलं काढायची गाळणीनं, जमंल तेवढं. त्या हप्त्यात पोरीकडं लासूर स्टेशनला गेलते ना चार दिवस, तवा घात झाला.”

“मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत? मी तुम्हाला चोर ठरवलं.”

“तुमी इचारलं, म्या घातला का हात. म्या नाय घातला, ते सांगितलं.” त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. “साहेब समोर बसलेले. त्यांच्या तोंडावर त्यांचं नाव कसं घेऊ? आन् त्यांनीच एकदा मला म्हनलं व्हतं बाई. द्वारकाबाई, मी इसरायला लागलोय, हिला सांगू नका. ही लई घाबरते.”

मला घाबरट म्हणणारा माणूस या शहरात शोधून सापडायचा नाही. एकतीस वर्षं शाळेतली पोरं मला चळाचळा कापायची. यांना मात्र ठाऊक होतं, आणि सकाळी आणलेलं दूधही लक्षात राहीना तरी ते मलाच सांभाळत बसले होते. मी तिथेच रडले, गव्हाच्या सुपासमोर.

“माझं चुकलं द्वारकाबाई.”

“असू द्या.” सूप बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, “उद्या नळ येणार ना तुमच्याकडं? येती मी. पाणी भरून ठेवू, परवा टाकीतलं आर्धं बदलून टाकू.”

येताना मी सोमनाथच्या दुकानात थांबले. आडवळणानं विचारलं, रिकाम्या टाकीत रोज थोडं खाणं पडलं तर काय होतं?

“चिमूटभर पडलं तर चांगलंच काकू. त्या जंतूंना पण खायला लागतंच की.”

आता डबीत मी रोज सकाळी एकच चिमूट भरते. बाकीचं कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. रिकामी डबी दिसली की हे मला विचारतात आणि मी म्हणते, झालं की मघाशी. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मिहिरला सांगितलं आहे. यांना सांगितलं, बीपीसाठी जायचंय, माझ्या.

काल पाणी स्वच्छ झालं. पार पलीकडची भिंत दिसायला लागली. आज दहा वाजता यांनी डबी उघडली, चिमूट टाकली आणि टकटक केलं. मी शेजारीच खुर्ची घेऊन बसले होते. खाण्याचे कण पाण्यात सावकाश खाली गेले.

“तो काळा मागंच राहतो गं,” हे काचेला नाक लावून म्हणाले. “बाकीचे धावून खातात. त्याच्या वाट्याला काही येत नाही.”

“आलं त्याच्या वाट्याला.”

“नक्की?”

“नक्की. मी पाहत होते ना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि डबीचं झाकण घट्ट लावलं.